मराठी भाषांतर ‘रिलीज’मध्ये पोचवायचं कसं

लिबरऑफिस, फायरफॉक्स असल्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोग्रॅमांच्या भाषांतराच्या साइटवर हिरवी पट्टी भरली, शंभर टक्के झालं, म्हणजे आता ते मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर दिसणार असं कुणी धरून चाललं असेल तर जरा थांबा. वाक्य लिहिणं हे निम्म्याहून कमी काम. पुढं ते कुणीतरी मंजूर करावं लागतं. ठराविक तारखेच्या आत ठराविक शाखेत, म्हणजे त्या आवृत्तीच्या फाइलींच्या वेगळ्या संचात, जावं लागतं. तिथून प्रोग्रॅमच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये), तिथून पॅकेजमध्ये, आणि मग कुठं ते टेबलावरच्या मशिनीत उतरतं. यात कुठं एका जागी अडकलं की मेनू इंग्रजीच राहतो, आणि लोक म्हणतात, ‘मराठीत कुणी करतच नाही.’ करतात हो. करून ठेवलेलं वाटेत पडून असतं.

माझं कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचावर बसायचं म्हणून त्याचं मराठी दुरुस्त करायला लागले आणि तिथून बाकीच्या प्रोग्रॅमांत शिरले. प्रोग्रॅमिंग मला येत नाही आणि या कामाला ते लागतही नाही. लागतो तो मुद्रितशोधकाचा डोळा आणि तारखा लक्षात ठेवायची सवय.

वाट थोडक्यात अशी. डेव्हलपर कोडमध्ये जी वाक्यं लोकांना दिसणार त्यांच्यावर खूण करतो. एक टूल ती सगळी गोळा करून नमुना फाइल बनवतं, तिला पॉट म्हणतात. त्यावरून प्रत्येक भाषेची पीओ फाइल निघते: वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली तुमची रिकामी जागा. मराठीचा कोड एमआर. भरलेली पीओ परत सोर्समध्ये गेली की प्रोग्रॅम बांधताना तिची एमओ फाइल होते आणि चालू प्रोग्रॅम ती वाचतो. लिनक्सवरचे बरेचसे प्रोग्रॅम हीच गेटटेक्स्टची पद्धत वापरतात. फायरफॉक्स, अँड्रॉइड यांच्या फाइली वेगळ्या, पण तत्त्व तेच. वेब्लेट, पाँटून, ग्लॉटप्रेस या साइटी म्हणजे त्या फाइलींवर चढवलेली खिडकी. फाइल खाली कुठंतरी दुसरीकडंच असते हे विसरायचं नाही.

आधी तारीख बघा

लिबरऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या, एक फेब्रुवारीत आणि एक ऑगस्टमध्ये. २०२४ पासून आकडेही तसेच लावतात: २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी, २४.८ म्हणजे त्याच वर्षीचा ऑगस्ट. ऑगस्टच्या आवृत्तीसाठी साधारण जूनमध्ये नवीन सोयी घालणं बंद होतं आणि त्या आवृत्तीची स्वतंत्र शाखा निघते. जुलैच्या सुमारास, पहिल्या रिलीज कँडिडेटपाशी (रिलीजआधीची जवळपास पक्की आवृत्ती), इंग्रजी वाक्यं गोठवतात. याला स्ट्रिंग फ्रीझ म्हणतात. इथून पुढं डेव्हलपरनं इंग्रजीतला स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही. खिळ्यांच्या छपाईत फर्मा आवळल्यावर लेखकानं ‘एक ओळ बदलू का’ म्हणायचं नसायचं, तसंच हे. फक्त इथं फर्मा इंग्रजीचा आवळलेला असतो, मराठीचा अजून मोकळा असतो. फ्रीझ ते रिलीज ही मधली काही आठवड्यांची फट, तोच आपला हंगाम.

आणि नेमका तोच हंगाम कोल्हापुरात अहवालांचा! सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळं जुलैपासून प्रत्येक डीटीपीवाल्याच्या डोक्यावर दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या आणि पतसंस्था बसलेल्या असतात. ताळेबंदाचा रकाना एका पानात बसवता बसवता रात्र होते. म्हणून ऑगस्टच्या आवृत्तीचं बरंचसं काम मी मेच्या शेवटी, पत्रिकांची गडबड ओसरली की, मास्टरवर (ते काय, पुढं सांगते) करून टाकते. जुलैत फक्त नव्यानं आलेली आणि बदललेली वाक्यं बघते. तुमचा धंदा, परीक्षा, सुगी जे काही असेल ते प्रोजेक्टच्या वेळापत्रकाशेजारी मांडून बघा. प्रत्येक मोठ्या प्रोजेक्टचं रिलीजचं वेळापत्रक उघड्यावर असतं. शोधायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यानं वर्षाचं काम वाया जायचं वाचतं.

मास्टर आणि शाखा हा घोळ इथंच मिटवून घ्या. मास्टर म्हणजे पुढची, अजून शिजत असलेली आवृत्ती. शाखा म्हणजे आता बाहेर पडणारी. शाखा निघाल्यावर तुम्ही मास्टरवर एखादी चूक सुधारली तर ती शाखेत आपोआप जाईलच असं धरू नका. लिबरऑफिसच्या वेब्लेटवर दोन्ही स्वतंत्र प्रोजेक्ट म्हणून दिसतात, इंटरफेसचे वेगळे आणि मदतीच्या पानांचे वेगळे. दुरुस्ती दोन्हीकडं जाऊन बघायची. मदतीची पानं हा डोंगर आहे. एकटा माणूस असेल तर त्याच्या नादी लागू नये. आधी मेनू, डायलॉग आणि काही चुकल्यावर येणारे संदेश, म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर जे रोज येतं ते.

ऑगस्टची तारीख हुकली तर आभाळ कोसळत नाही. मोठ्या आवृत्तीमागून दुरुस्तीच्या छोट्या आवृत्त्या येत राहतात, पॉइंट वन, पॉइंट टू अशा. शाखेतलं इंग्रजी गोठलेलंच असतं, त्यामुळं त्या शाखेत घातलेलं मराठी पुढच्या छोट्या आवृत्तीत जाऊ शकतं.

मंजूर कोण करणार?

बहुतेक ठिकाणी सुचवायला कुणालाही मुभा असते. मंजुरीचा शिक्का मात्र दुसऱ्याच्या हातात असतो. फायरफॉक्सच्या पाँटूनवर नवख्याचं वाक्य ‘सुचवलेलं’ म्हणून पडतं आणि मराठी टीममधल्या अधिकार असलेल्या माणसानं ते स्वीकारलं तरच पुढं जातं. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये तुमचं वाक्य ‘वेटिंग’मध्ये थांबतं, त्या प्लगिनचा (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा) किंवा अख्ख्या मराठीचा एडिटर ते ‘करंट’ करतो. गनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये अनुवादक, तपासनीस, कमिट करणारा (म्हणजे सोर्समध्ये पक्कं घालणारा) आणि सगळ्यांवर समन्वयक अशी उतरंड आहे. ही उतरंड जर्मन किंवा फ्रेंचसाठी छान चालते, कारण तिथं प्रत्येक पायरीवर माणूस आहे. आपल्याकडं पायऱ्या असतात, माणसं नसतात.

मराठीत काम करणाऱ्याची खरी अडचण हीच, आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. जुन्या पीओ फाइली उघडून डोकं वाचा. प्रत्येक फाइलीच्या वरच्या भागात शेवटचा अनुवादक, भाषा टीम आणि शेवटच्या बदलाची तारीख लिहिलेली असते. कितीतरी फाइलींवर पुण्यात रेड हॅटमध्ये हे काम करणाऱ्यांचे पत्ते दिसतील. त्या लोकांनी डोंगराएवढं काम करून ठेवलंय, आजही आपण त्यावर उभे आहोत. पण माणसं नोकऱ्या बदलतात, पत्ते बंद पडतात. म्हणून काम सुरू करायच्या आधी एवढं बघा: गेल्या वर्षभरात मराठीत कुणी काही मंजूर केलंय का? पाँटूनवर टीमच्या पानावर ते दिसतं, वेब्लेटवर बदलांच्या इतिहासात दिसतं. कुणीच नसेल तर हजार वाक्यं सुचवून ढीग लावू नका. तो ढीग तसाच पडून राहील, आणि पुढं कुणी तपासायला आलाच तर ढीग बघून पळून जाईल.

त्यापेक्षा वीस वाक्यं करा. नीट, दोनदा वाचून. मग समन्वयकाला पत्र टाका. मी साधारण असं लिहिते:

‘नमस्कार. मी कोल्हापूरहून लिहितेय. अमुक मॉड्यूलमधल्या वीस वाक्यांचं मराठी सुचवलं आहे. अमुक तारखेला स्ट्रिंग फ्रीझ आहे, त्यानंतर लगेच आपण पाहू शकाल का? सूचना असतील तर तशा दुरुस्त्या करते. आपल्याला सध्या वेळ नसेल तर तपासायची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे. त्यासाठी कुणाशी बोलावं लागेल?’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यात तक्रार नाही, आणि पुढची वाट त्यात मागून घेतलेली आहे. उत्तर आलं तर उत्तम. वाजवी वाट बघूनही आलं नाही, तर हेच पत्र इंग्रजी करून त्या प्रोजेक्टच्या सर्वसाधारण भाषांतर टीमकडं टाकायचं, आधी कुणाला कधी लिहिलं होतं ते नमूद करून. वर्डप्रेसमध्ये पॉलीग्लॉट्स टीमकडं अशी विनंती करायची ठरलेली पद्धत आहे, गनोममध्येही समन्वयक होण्याची आहे. तुमची आधीची वीस वाक्यं तिथं पुरावा म्हणून कामाला येतात. अधिकार मागताना ‘मला मराठीचा अभिमान आहे’ वगैरे लिहू नये. त्यावर कुणी काही देत नाही.

अधिकार मिळाला की दुसरा धोका सुरू होतो: आपणच लिहायचं आणि आपणच मंजूर करायचं. छापखान्यात ज्यानं कंपोज केलं त्यानंच प्रूफ वाचलं तर काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून मी वाक्यांचे दोन रकाने पाडते, डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी, प्रिंट मारते आणि शेजारच्या मराठीच्या निवृत्त बाईंकडं देते. बाईंना ओपन सोर्स म्हणजे काय ते ठाऊक नाही, जाणून घ्यायचंही नाही. लाल पेनानं खुणा करून देतात. एकदा म्हणाल्या, “अगं, इथं ‘उघडा’, तिथं ‘उघडणे’, आणि इथं ‘उघडावे’. एकच बटण तीन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतंय बघ.” तीन माणसांनीच लिहिलेलं होतं ते, दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानं. तेव्हापासून नवीन मॉड्यूल हातात घेतलं की आधी जुन्या वाक्यांतली क्रियापदं एका पट्टीत आणते, मग नवीन लिहिते.

वाक्याच्या पोटातल्या खुणा

आता असं ठिकाण, जिथं चांगल्या मराठी माणसाचं चांगलं वाक्यही नापास होतं. इंग्रजी वाक्यात मधेच टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून डी किंवा एस असं अक्षर दिसतं. तिथं प्रोग्रॅम चालू असताना आकडा किंवा नाव येऊन बसतं. ही खूण जशीच्या तशी, रोमन अक्षरातच राहिली पाहिजे. मराठी कीबोर्ड चालू ठेवून तुम्ही टक्का मारला आणि पुढं ‘ड’ उमटला, तर तुम्हाला ते वाचता येतं, प्रोग्रॅमला येत नाही. त्याहून फसवा प्रकार आकड्याचा. काही खुणांत टक्क्यापुढं १, २ असे क्रमांक असतात. काहींच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आकड्याची कळ दाबली की देवनागरी १ उमटतो. स्क्रीनवर बघायला छान वाटतो, सगळं मराठी झाल्याचं समाधान मिळतं, आणि तपासणीत फाइल उडते. साइट तांबडी सूचना देते ती याचसाठी. ती सूचना ‘दुर्लक्ष करा’ म्हणून बाजूला सारू नका. गेटटेक्स्टच्या तपासणीत अशा एका खुणेपायी बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम बांधणं, अडू शकतं, आणि रिलीजच्या आदल्या रात्री घाईतला मेंटेनर (प्रोग्रॅम सांभाळणारा) कुणाला मराठी विचारत बसणार? तो फाइल बाजूला ठेवतो.

क्रमांकांची गरज मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त. ‘दहापैकी तिसरं पान’ हे इंग्रजी उलटं सांगतं: आधी तीन, मग दहा. मूळ वाक्यात नुसत्या दोन खुणा असतील आणि तुम्ही मधे ‘पैकी’ घातलंत, तर स्क्रीनवर ‘३ पैकी १०’ असं येतं. गेटटेक्स्टच्या सी पद्धतीच्या वाक्यांत यावर सोय आहे: टक्का, मग इंग्रजी आकड्यातला दोन, मग डॉलरचं चिन्ह, मग डी, असं लिहिलं की प्रोग्रॅम दुसरा आकडा आधी आणतो. नंतर ‘पैकी’, आणि मग तसंच एक क्रमांकाचं. एवढं जमलं की वाक्य सरळ होतं. पायथॉन भाषेतल्या प्रोग्रॅमांच्या किंवा फायरफॉक्सच्या फ्लुएंट पद्धतीच्या वाक्यांत महिरपी कंसात नावं असतात, ती हवी तशी पुढं-मागं करता येतात, फक्त कंसातलं नाव भाषांतरित करायचं नाही.

विभक्तीचा त्रास वेगळाच. खुणेच्या जागी काय येणार ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून तिचं सामान्यरूप करता येत नाही. आपण ‘कोल्हापुरात’ म्हणतो. प्रोग्रॅमला ‘कोल्हापूर’ला नुसता ‘त’ चिकटवायला सांगितलं तर तो ‘कोल्हापूरत’ लिहील. अशा वेळी खुणेपुढं एक साधं नाम आणायचं आणि विभक्ती त्याला लावायची: ‘अमुक या फोल्डरमध्ये’, ‘अमुक या फाइलीला’. वाक्य जरा लांबतं, पण कधी मोडत नाही.

मेनूतली शॉर्टकटची अक्षरंही सांभाळावी लागतात. गनोमच्या घराण्यात ती अधोरेघेनं दाखवतात, केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये अँपरसँडनं (‘अँड’चं चिन्ह), लिबरऑफिसमध्ये टिल्डनं (नागमोडी रेघ). भारतीय भाषांत रूढ पद्धत अशी की मराठी शब्द लिहायचा आणि शेवटी कंसात खुणेसकट मूळचं रोमन अक्षर ठेवायचं. दिसायला कुरूप, पण ज्याचा हात माउसपेक्षा कीबोर्डवर जास्त असतो त्याला विचारा. अनेकवचनाच्या जोड्या आल्या तर मराठीला दोन रूपं: एकासाठी एक, बाकी सगळ्यांना दुसरं. दोन्ही रकाने भरा, एक रिकामा ठेवू नका.

फझी ही खूण मात्र समजून घ्याच. डेव्हलपरनं इंग्रजी वाक्यात किरकोळ बदल केला, समजा शेवटी पूर्णविराम दिला, की टूल तुमचं जुनं मराठी फेकून देत नाही, त्यावर ‘फझी’ असा शिक्का मारतं. म्हणजे अंदाजे जुळतंय, माणसानं बघावं. वेब्लेटवर हेच ‘दुरुस्ती हवी’ म्हणून दिसतं. यात गोम अशी की एमओ फाइल बनताना फझी वाक्यं वगळली जातात. फाइल उघडली तर मराठी समोर दिसतंय, प्रोग्रॅममध्ये मात्र इंग्रजी. गेल्या आवृत्तीत मराठी असलेला मेनू या आवृत्तीत अचानक इंग्रजी झाला तर दहातल्या नऊ वेळा हेच कारण. म्हणून फ्रीझ झाल्यावर पहिलं काम नवीन वाक्यं नाही, फझी वाक्यं. बहुतेकांना फक्त नजर टाकून शिक्का काढायचा असतो. कमी श्रमात सगळ्यात जास्त मराठी इथून परत येतं.

आपल्या मशिनीवर आधी बघा

साइटवर वाक्य एकटं दिसतं. ते बटणावर आहे, शीर्षकात आहे की सूचनेत, हे कळत नाही. गेटटेक्स्टवाल्या प्रोग्रॅमची पीओ उतरवून पोएडिट या प्रोग्रॅममध्ये सेव्ह केली की तो एमओही बनवून देतो. ती सिस्टिमच्या लोकेल (भाषांच्या) फोल्डरात, मराठीच्या कप्प्यात जुन्या फाइलीच्या जागी ठेवायची (जुनीची प्रत काढून!) आणि प्रोग्रॅम मराठीत चालू करायचा. बटणाबाहेर सांडलेलं वाक्य, दोनदा आलेला कंस, सगळं एका फेरीत दिसतं. फायरफॉक्सला एवढंही नको. मंजूर झालेलं वाक्य नाइटली (रोजच्या चाचणीच्या) आवृत्तीत लवकर उतरतं. ती मराठी नाइटली बाजूला बसवून ठेवा. लिबरऑफिसमध्ये प्रत्येक वाक्याला पाच अक्षरांची एक ओळख-खूण असते, आणि रोजच्या चाचणी आवृत्तीत ‘की आयडी’ नावाची खोटी भाषा निवडली की त्या खुणा मेनूतच दिसायला लागतात. कुठलं वाक्य कुठं राहतं ते शोधायला याच्यासारखी दुसरी सोय नाही. बाकी प्रोजेक्टांनी ही शिकावी.

कुठं काय रीत

गनोमचं काम डॅम्ड लाइज नावाच्या साइटवर चालतं. मॉड्यूल निवडायचं, शाखा निवडायची, ‘मी करतोय’ म्हणून आरक्षित करायचं, पीओ उतरवायची, भरून चढवायची. मग तपासणी, मग कमिट. आवृत्ती मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. डेव्हलपर टारबॉल (रिलीजसाठी सोर्सचं गाठोडं) बांधतो त्या दिवशी रेपोत (सोर्सच्या साठ्यात) जे असेल ते गेलं, साइटवर चढवलेलं पण कमिट न झालेलं मागं राहिलं. किमान ८० टक्के वाक्यं झालेल्या भाषेला गनोम ‘समर्थित’ म्हणून मोजतं. तिथवर पोचायचं असेल तर पन्नास मॉड्यूलांत थोडं थोडं करण्यापेक्षा फाइल्स, सेटिंग्ज, शेल ही रोजची आधी पुरी करा.

वर्डप्रेसची गोष्ट सगळ्यात सुखाची, कारण तिथं भाषांतर रिलीजची वाट बघत नाही. प्लगिनची चालू आवृत्ती ९० टक्के मराठी झाली आणि मंजूर झाली की लँग्वेज पॅक बनतं आणि मराठीत चालणाऱ्या साइटींवर अपडेट म्हणून जाऊन पडतं. नवख्यानं इथून सुरुवात करावी, असं माझं मत. केलेलं दिसलं की माणूस टिकतो. छोटं प्लगिन निवडा, शंभरेक वाक्यांचं.

एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अॅपांच्या भांडारातल्या अँड्रॉइड अॅपांपैकी पुष्कळ अॅपं होस्टेड वेब्लेटवर (वेब्लेटवाल्यांच्याच साइटवर) आहेत, न्यूपाइप त्यातलंच. वेब्लेट तुमची वाक्यं डेव्हलपरच्या गिट रेपोकडं पाठवतं, तो ती आत घेतो, नवीन आवृत्तीला टॅग (आवृत्ती पक्की झाल्याची खूण) लावतो, मग एफ-ड्रॉइडचं सर्व्हर त्या टॅगवरून सोर्सपासून अॅप बांधतं. एकट्या माणसाचं अॅप असेल तर टॅग कधी लागणार हे तोच जाणे. अशा ठिकाणी ‘पुढची आवृत्ती कधी?’ एवढं विचारून घ्यावं, बस्स.

केडीई अजूनही भाषांतरं एसव्हीएन या जुन्या पद्धतीच्या साठ्यात ठेवतं आणि तिथल्या जुन्या मंडळींना लोकलाइझ हे टूल प्रिय आहे. त्यांचे अॅप एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरला निघतात. वाट जरा जुन्या वळणाची, पण शिस्त कडक.

शेवटचा टप्पा

प्रोजेक्टनं रिलीज केलं तरी माणसाच्या हातात काय आहे ते वेगळंच असतं. डेबियन या लिनक्सची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, त्यात गनोम ४८ आणि लिबरऑफिस २५.२. लिबरऑफिस २५.८ त्याच महिन्यात आलं, पण डेबियननं आपला संच आधीच गोठवलेला होता. त्यामुळं २५.८ साठी केलेलं मराठी डेबियनच्या नेहमीच्या संचात पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत येत नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये पुष्कळ भाषांतरं मूळ पॅकेजमधून काढून लँग्वेज पॅकमध्ये ठेवतात. मराठीचं पॅक बसवलेलं नसेल तर प्रोग्रॅम अद्ययावत असूनही इंग्रजीच. लिनक्स आणि मॅकवर लिबरऑफिसच्या साइटवरून घेतलं तर मराठीचं लँग्वेज पॅक वेगळं उतरवावं लागतं. विंडोजवर एकाच इन्स्टॉलरमध्ये भाषा असतात, पण बसवताना ‘कस्टम’मध्ये जाऊन मराठीवर टिक करावी लागते.

आमच्या गिऱ्हाइकांत एक ग्रामीण पतसंस्था आहे, तिथं अजून विंडोज ७ आहे. लिबरऑफिस २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून टाकला. म्हणजे तिथल्या क्लार्कला २५.२ च्या पुढचं मराठी दिसणारच नाही, मी कितीही फझी काढले तरी. “ताई, मेनू कवा मराठी व्हनार?” असं तो विचारतो. त्याला मी वेब्लेट दाखवत नाही, नवीन मशीनचा अर्ज चेअरमनकडं टाकायला सांगते.

नव्या शाखेत घालायच्या दुरुस्त्या आणि जुन्या शाखेत घालायच्या दुरुस्त्या यातली निवड यावरून करायची. आजूबाजूला कुठली आवृत्ती चालते ते चार ठिकाणी विचारा. सगळे जुन्यावर असतील आणि ती शाखा अजून जिवंत असेल, तर तिथली फझी वाक्यं आधी.

राहता राहिलं नाव. अभियांत्रिकीची पोरं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) बांधायला दुकानात येतात, त्यांचा पहिला प्रश्न: “काकू, सर्टिफिकेट मिळतंय काय?” त्याचं उत्तर दोन भागांत. वेब्लेटवरून जाणाऱ्या प्रत्येक कमिटमध्ये तुमचं नाव आणि ईमेल लेखक म्हणून लागतं आणि ते गिटच्या इतिहासात कायमचं राहतं, कुणालाही बघता येतं. घरचा ईमेल तिथं नको असेल तर पहिलं वाक्य लिहायच्या आधी सेटिंगमध्ये कमिटसाठी वेगळा किंवा खासगी पत्ता निवडा, मागाहून तो पुसता येत नाही. दुसरं, गनोमच्या प्रोग्रॅमांत ‘ट्रान्सलेटर क्रेडिट्स’ असं एक वाक्य असतं. त्याचं भाषांतर करायचं नसतं, तिथं अनुवादकांची नावं लिहायची असतात, आणि ती ‘विषयी’च्या खिडकीत दिसतात. आधीच्यांची नावं तशीच ठेवून खालच्या ओळीत आपलं जोडा. त्या खिडकीचा स्क्रीनशॉट ब्लॅक बुकच्या परिशिष्टात लावायचा असेल तर जरूर लावा. रंगीत पानाचे पैसे वेगळे पडतात.